जीआरईचा शब्दसंग्रह: कार्डे की वाचन?

सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि परदेशी प्रवेशासाठी जीआरई देऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे शब्दसंग्रह वाढवण्याचे मुख्यतः दोन मार्ग असतात: निवडक हजारेक शब्द कार्डांवर उतरवून त्यांची ठरावीक अंतराने उजळणी करणे, किंवा दर्जेदार इंग्रजी गद्य रोज वाचून त्यात भेटणारे शब्द टिपत जाणे. केवळ शब्दांसाठी पुण्यात खोली घेऊन क्लास लावण्याची गरज मला वाटत नाही. दोन्ही गोष्टी घरी राहून जमतात.

परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न २०११ मध्येच वगळले गेले. सप्टेंबर २०२३ पासूनच्या आटोपशीर स्वरूपात भाषेच्या दोन विभागांत मिळून ४१ मिनिटांत २७ प्रश्न असतात आणि त्यांपैकी सुमारे निम्मे उताऱ्यांवरचे असतात. उरलेल्यांत शब्द वाक्यातच तपासला जातो. रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नात तीन जागांपैकी एक चुकली तरी त्या प्रश्नाचा गुण जातो.

कार्डांची खरी ताकद वेगात आहे. अँकीसारखे ॲप पाठ झालेला शब्द उशिरा आणि विसरलेला शब्द लवकर पुढे आणते, त्यामुळे कॉलेज सांभाळूनही रोजचा अर्धा तास सत्कारणी लागतो. मात्र कार्डावर एकच मराठी अर्थ लिहिला, तर तो परीक्षेत दगा देतो. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे एवढेच पाठ असलेल्या विद्यार्थ्याला ‘क्वालिफाइड प्रेझ’ म्हणजे हातचे राखून केलेली स्तुती, हे उमगणार नाही. लॅटिन धातूंवरून अर्थ ताडण्याची सवयही जपूनच वापरावी: ‘लॉक्वेशियस’ आणि ‘एलोक्वंट’ यांतला बोलण्याचा धातू उपयोगी पडतो, पण ‘एनर्व्हेट’ हा शब्द ऐकून बळ देणे असे वाटत असले, तरी त्याचा अर्थ बळ काढून घेणे असा आहे.

वाचनाने अशा छटा आपोआप अंगवळणी पडतात, परंतु एखादा दुर्मीळ शब्द पुन्हा भेटायला महिना लागू शकतो, आणि परीक्षा तोंडावर आलेल्याला तेवढी सवड नसते.

म्हणून तीन महिन्यांहून कमी वेळ असेल, तर प्रत्येक शब्दासोबत एक पूर्ण वाक्य लिहून कार्डांचाच मार्ग धरावा. सहा महिने हाताशी असतील, तर वाचन आधी आणि कार्डे त्याच्या जोडीला, असा क्रम मला योग्य वाटतो. घरी मराठी, तेलुगू किंवा कन्नड आणि दहावीपर्यंत मराठी माध्यम, अशी आपल्याकडच्या कितीतरी मुलांची पार्श्वभूमी असते. त्यांची अडचण अनेकदा शब्दांपेक्षा लांबलचक, पोटवाक्यांनी भरलेल्या इंग्रजी वाक्यांची असते, आणि त्यावर कार्डांचा इलाज चालत नाही.

तुमची अडचण कोणती, हे जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या मोफत पॉवरप्रेप सराव परीक्षेत कळेल. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘शब्द माहीत नव्हता’ किंवा ‘वाक्य लागले नाही’ असे लिहावे आणि ज्या रकान्यात जास्त नोंदी पडतील, त्यानुसार मार्ग निवडावा.