ब्लॅकबर्नची अर्धी निळी अर्धी पांढरी जर्सी, नारायण पेठेत शिवलेली - ४ स्टार

नारायण पेठेतलं हे दुकान बाहेरून बघाल तर शाळेचे युनिफॉर्म शिवणारं वाटेल आणि ते आहेच, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण काका टीमच्या जर्सीही शिवून देतात, ते मला ऑफिसातल्या एका मित्राने सांगितलं. आमच्या ग्रुपला ८ जर्सी हव्या होत्या, दर रविवारी सकाळी टर्फवर फुटबॉल खेळतो त्यासाठी, आणि मला त्या ब्लॅकबर्न रोव्हर्स ह्या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबच्याच हव्या होत्या.

ब्लॅकबर्नच का हे पहिलं सगळेच विचारतात. पुण्यात कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात जा, मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी हँगरला लटकलेलं असतं, आणि ज्या क्लबचे मालक पुण्याचे आहेत त्याचं नाव काढलं की "अरे ते व्यंकीजवाले, कोंबडीवाले ना" एवढंच लोकांना माहीत. व्यंकीजने क्लब घेतला नोव्हेंबर २०१० मध्ये, २३ मिलियन पाउंडला. त्याच्या आधीची १३५ वर्षं कुणाला माहीतच नाहीत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. २०११ मध्ये टीम बालेवाडीला पुणे एफसीबरोबर खेळायला आली होती तेव्हा मी स्टँडमध्ये होतो, कॉलेजला होतो तेव्हा, आणि ती अर्धी अर्धी जर्सी प्रत्यक्ष बघितली ती डोक्यात बसली ती बसलीच.

आता मुद्द्यावर येतो. ही जर्सी शिवायला सोपी वाटते पण सोपी नाही. बरोब्बर मधोमध एक रेघ, एका बाजूला निळं एका बाजूला पांढरं, मागूनही तसंच. आजकाल सगळे पांढऱ्या पॉलिस्टरवर सब्लिमेशन प्रिंट मारतात, म्हणजे डिझाइन कागदावर छापायचं आणि हीट प्रेसने कापडात उतरवायचं. काकांनी पहिलं सॅम्पल तसंच केलं. समोरून झकास, पण खांद्यावर पुढची रेघ आणि मागची रेघ जुळेना, कॉलरपाशी बोटभर फरक, आणि निळा रंग एवढा गडद की नेव्ही वाटावा. शिवाय पांढऱ्या बाजूच्या काखेत शिलाईतून निळं डोकावत होतं. मी तोंड पाडून उभा. काकांनी सॅम्पल हातात घेऊन उलटं केलं, आतली शिलाई बघितली, आणि म्हणाले, "हे छापायचं काम नाही हो, हे दोन कापडांचं काम आहे."

मग त्यांनी ते दोन कापडांतच केलं. निळं वेगळं, पांढरं वेगळं, मध्ये जोड, कडांना ओव्हरलॉक मारून वरून फ्लॅटलॉकची सपाट शिलाई, म्हणजे आत हात फिरवला तरी जोड टोचत नाही. पुढचा जोड आणि मागचा जोड गळ्यापाशी एकाच ठिकाणी येतो. ही गोष्ट फोटोत दिसणार नाही पण अंगात घातल्यावर कळते, रेघ पोटावरून सरकत नाही, सरळ राहते.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गिऱ्हाईक कमी होतं म्हणून गप्पा झाल्या आणि तिथे मला हे दुकान आवडूनच गेलं. काका मूळचे इचलकरंजीचे, वडील मागावर कामाला होते. मी म्हटलं काका हे ब्लॅकबर्न पण तुमच्यासारखंच, मागांचं गाव. लँकशायरमधलं, सुती कापडाच्या गिरण्यांचं, आणि तिथे विणलं काय जायचं माहितीये, आपल्याकडे पाठवायची धोतरं. काकांनी कात्री खाली ठेवली. "धोतरं? तिकडे?" हो म्हटलं, जहाज भरभरून. १९०५ साली इथे मुठेकाठी विलायती कपड्यांची होळी झाली त्यात त्या जिल्ह्याचं कापड नसेल असं मला तरी वाटत नाही. नंतर स्वदेशी वाढलं, इथल्या गिरण्या वाढल्या, आणि तिकडचे माग बंद पडत गेले, माणसं बेकार झाली. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी इंग्लंडला गेले तेव्हा मुद्दाम ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनला जाऊन गिरणी कामगारांना भेटले होते. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माग बंद पडला की घर कसं होतं ते मी बघितलंय." आणि चहा मागवला.

त्या मागांच्या गावाचा हा क्लब १८७५ चा. १८८४, १८८५, १८८६ असा सलग ३ वेळा एफए कप, म्हणजे इंग्लंडचा नॉकआउट कप, जिंकला, त्यानंतर आजपर्यंत कुणालाही सलग ३ जमलेले नाहीत. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली त्या पहिल्या १२ क्लबांत हे होते. १८९० पासून इवूड पार्कवर खेळतात, तेच मैदान आजही. एफए कप एकूण ६, शेवटचा १९२८ चा. लीग १९१२ आणि १९१४ ला जिंकली आणि मग ८१ वर्षं नाही.

ती ८१ वर्षं संपवली जॅक वॉकरने, आणि ही गोष्ट मी कितीही वेळा सांगू शकतो. गावातलाच माणूस, लोखंड-पोलादाच्या धंद्यात पैसा केला, कंपनी विकली आणि १९९१ मध्ये लहानपणापासून ज्या क्लबवर जीव होता तोच घेतला. केनी डॅलग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, १९९२ मध्ये अ‍ॅलन शिअररला आणलं, मग ख्रिस सटन, दोघेही स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारे. १९९४-९५ मध्ये शिअररने लीगमध्ये ३४ गोल मारले. शेवटच्या दिवशी, १४ मे १९९५, मॅच अ‍ॅनफिल्डला, लिव्हरपूलच्या मैदानावर, म्हणजे डॅलग्लिशच्या जुन्या घरीच. शिअररने गोल मारला, पण लिव्हरपूलने बरोबरी केली आणि अगदी शेवटी फ्री किकवर २-१ केलं. हरले! पण तिकडे युनायटेड वेस्ट हॅमशी १-१ वर अडकली आणि ८९ विरुद्ध ८८, एका पॉइंटने ब्लॅकबर्न चॅम्पियन. मॅच हरून अ‍ॅनफिल्डवर ट्रॉफी उचलली त्यांनी. हे सांगताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

त्यानंतरचं पटकन सांगतो कारण जीवावर येतं. शिअरर १९९६ ला १५ मिलियनला न्यूकॅसलला गेला, १९९९ ला टीम प्रीमियर लीगमधून, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधून, खाली उतरली, २००० मध्ये वॉकर गेले. २००१ ला वर आले, २००२ ला टॉटनहॅमला हरवून लीग कप घेतला. पुण्याच्या मालकांच्या काळात २०१२ ला प्रीमियर लीग सुटली, विगनविरुद्धच्या त्या मॅचला प्रेक्षकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती, २०१७ ला तिसऱ्या पायरीवर घसरले आणि २०१८ ला एका सीझनमध्ये परत आले. तिथल्या लोकांचा राग मला समजतो. माझ्या गावच्या मालकांकडे तो क्लब आहे म्हणून मला तो अजूनच जवळचा वाटतो, एवढंच.

आता दुकानाच्या तक्रारी, कारण ४ च स्टार दिलेत. एक, सांगितलेल्या तारखेपेक्षा ६ दिवस उशीर, मॅच रविवारी आणि जर्सी हातात शनिवारी रात्री ९ ला. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं, आणि दुपारी १ ते ४ बंद असतं हे लक्षात ठेवा. दोन, नंबर व्हिनाइलचे लावले होते, त्यातला १६ नंबर, म्हणजे आमचा सटन, दुसऱ्या धुण्यातच कोपऱ्यातून सुटला. परत नेल्यावर फुकट लावून दिला, आणि ह्या वेळेला कडेने शिलाई मारून दिली जी आधीच मारायला हवी होती. ९ नंबर, म्हणजे शिअररचा, कुणाला ह्यावरून आमच्यात चिठ्ठ्या टाकल्या, मला नाही मिळाला.

चांगलं म्हणजे कापड. पातळ नाही, घाम धरून ठेवत नाही, एप्रिलच्या उन्हात दीड तास खेळलो. ५ महिने झाले, निळा रंग पांढऱ्यात उतरलेला नाही, हीच मला सगळ्यात जास्त भीती होती. क्लबचा लोगो मी करूच नका म्हणालो, त्याऐवजी छातीवर फक्त लँकशायरचा लाल गुलाब मशीन एम्ब्रॉयडरीने करून घेतला, छोटा आणि नीट आलाय, पाकळ्या मोजता येतात. एका जर्सीचे ६५० पडले, नाव-नंबर-गुलाब धरून. नाव देवनागरीत हवं असेल तरी करतात, आमच्या ९ नंबरच्या पाठीवर "शिअरर" असंच आहे.

कुणाला हीच जर्सी हवी असेल तर सॅम्पलच्या भानगडीत पडू नका. काकांनी खाकी कागदाचा पॅटर्न कापून ठेवलाय, दोन अर्धे वेगवेगळे, खिळ्याला टांगलेले, वर पेन्सिलने "ब्लॅकबर्न" लिहिलंय. तेवढं नाव सांगा आणि छातीचं माप द्या.