वक्फचा पैसा आणि मशिदीचे छप्पर : इंडोनेशियाच्या 'कॅश वक्फ लिंक्ड सुकूक'चे परीक्षण

इंडोनेशियाचे अर्थ मंत्रालय आणि तेथील वक्फ मंडळ, म्हणजेच बादान वकाफ इंडोनेशिया, यांनी 2020 साली बाजारात आणलेल्या 'कॅश वक्फ लिंक्ड सुकूक' या योजनेचे हे परीक्षण आहे. धर्मादाय पैसा सौरऊर्जेकडे वळवण्याची चर्चा निघाली की या योजनेचे नाव हमखास घेतले जाते. म्हणून ती गुंतवणूक म्हणून कशी आहे एवढेच न पाहता, तिच्या पैशातून छपरावर पॅनेल बसू शकतात का, या एकाच प्रश्नाच्या अंगाने मी ती तपासली आहे. योजना इंडोनेशियातच विकली जाते आणि मी तिचा ग्राहक नाही. परीक्षणाचा आधार तिच्या जाहीर अटी आणि आकडे हाच आहे.

वक्फची मूळ कल्पना मराठी वाचकाला देवस्थान इनामावरून चटकन समजेल. जमीन देवाच्या नावे झाली की ती विकायची नाही, तिच्या उत्पन्नातून दिवाबत्ती आणि उत्सव चालवायचे. येथे जमिनीच्या जागी रोख रक्कम आहे. देणगीदार ठरावीक शरिया बँकेत पैसे भरतो, वक्फचा संकल्प लिहून देतो आणि प्रमाणपत्र घेतो. ती रक्कम नाझिर, म्हणजे वक्फचा व्यवस्थापक, आपल्याकडच्या भाषेत मुतवल्ली, सरकारच्या सुकूकमध्ये गुंतवतो. सुकूक हा व्याजाऐवजी मालमत्तेवरील परतावा देणारा रोखा. परतावा देणगीदाराला मिळत नाही, तो लोकोपयोगी कामाला जातो. मुद्दल मुदत संपल्यावर देणगीदाराला परत मिळते किंवा, त्याने तसे ठरवले असेल तर, कायमचे वक्फ राहते.

मुद्दल परत घेण्याची ही सोय काहींना खटकते. वक्फ कायमस्वरूपीच असला पाहिजे, असे बहुसंख्य परंपरागत फिक्हपंडितांचे, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या जाणकारांचे, मत आहे; सुन्नी विधिशास्त्राच्या चार परंपरांपैकी एक असलेली मालिकी परंपरा मात्र मुदतीचा वक्फ मान्य करते. रोख पैशाचा वक्फ चालतो का, यावर सोळाव्या शतकात उस्मानी साम्राज्यात मोठा वाद झाला होता, आणि तेव्हा शेखुलइस्लाम, म्हणजे साम्राज्याचे सर्वोच्च धर्माधिकारी, एबुस्सुऊद एफेंदी यांनी रोख वक्फाच्या बाजूने कौल दिला होता. इंडोनेशियात उलेमा परिषदेचा 2002चा फतवा आणि 2004चा वक्फ कायदा यांनी रोख रकमेचा प्रश्न निकाली काढला, आणि मुदतीच्या वक्फालाही कायद्यात जागा मिळाली. माझ्या मते ही सोय योजनेची जमेची बाजू आहे, कारण पैसा कायमचा हातचा जाणार या भीतीने मागे राहणारा मध्यमवर्गीय दाता त्यामुळे पुढे येतो.

योजनेचा पहिला संच, एसडब्ल्यू 001, मार्च 2020 मध्ये निघाला. मुदत पाच वर्षांची आणि रक्कम सुमारे 50.8 अब्ज रुपिया, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण 26 कोटी भारतीय रुपये. या संचाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. रोखा दर्शनी किमतीपेक्षा कमी किमतीला विकला गेला आणि त्या सवलतीतून सुमारे 2.38 अब्ज रुपिया सुरुवातीलाच नाझिराच्या हाती आले. त्यातून बांतेन प्रांतातील सेरांग येथील अहमद वार्दी वक्फ रुग्णालयात दृष्टिपटल केंद्र उभे राहिले. त्यानंतर वार्षिक 5 टक्के दराने दरमहा येणारा परतावा गरिबांच्या मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांसाठी होता. इमारत व यंत्रांसाठी एकरकमी पैसा आणि ती चालवण्यासाठी दरमहा पैसा, असे दुहेरी नियोजन धर्मादाय क्षेत्रात फार क्वचित दिसते. इमारत उभी राहते, उद्घाटन होते आणि मग औषधांना पैसे नसतात, हा अनुभव आपल्याकडे कोणाला नवा आहे?

सौरऊर्जेला नेमकी हीच रचना लागते. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी करावा लागतो, पुढे पॅनेल धुणे, वायरिंग तपासणे आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलणे एवढाच राहतो. एसडब्ल्यू 001च्या सवलतीची रक्कम रुग्णालयाऐवजी छपरांवर गेली असती, तर किलोवॅटला 50 हजार रुपये या आपल्याकडच्या ढोबळ दराने दोनशेहून अधिक किलोवॅट क्षमता उभी राहिली असती आणि देखभालीची पाच वर्षांची चिंताही मिटली असती. रुग्णालयाची निवड चुकीची होती, असे मी म्हणत नाही. साचा कोणता वापरावा, एवढेच मला दाखवायचे आहे.

सामान्य ग्राहकाला मात्र एसडब्ल्यूआर मालिकेची किरकोळ आवृत्ती मिळते आणि तिथे चित्र बदलते. 2020च्या अखेरीस आलेल्या एसडब्ल्यूआर 001ची मुदत दोन वर्षांची, परतावा वार्षिक 5.5 टक्के आणि किमान रक्कम 10 लाख रुपिया होती. ऐकायला मोठी वाटणारी ही रक्कम प्रत्यक्षात पाच हजार भारतीय रुपयांच्या आसपास भरते, म्हणजे सर्वसामान्य नोकरदाराच्या आवाक्यातली आहे, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडली. आता तिचे फळ पाहू. 10 लाख रुपियांवर वर्षाला 55 हजार रुपिया, म्हणजे पावणेतीनशे रुपयांच्या जवळपास. एक किलोवॅट उभा करायचा तर पावणेदोनशेहून अधिक दात्यांचा वर्षभराचा परतावा एकत्र करावा लागेल. संपूर्ण संचात सुमारे 14.9 अब्ज रुपिया जमले. त्यावरचा वार्षिक परतावा सुमारे 82 कोटी रुपिया, म्हणजे चाळीस लाख रुपयांच्या थोडा वर, आणि तोही दरमहा तुकड्यातुकड्यांनी येणारा. शिष्यवृत्ती, रुग्णवाहिकेचे इंधन, छोट्या दुकानदाराला भांडवल, अशा कामांना हा झरा पुरतो. पॅनेलसाठी तो वर्षभर साठवून ठेवावा लागेल, आणि साठवलेला धर्मादाय पैसा हिशेबाच्या दृष्टीने नेहमीच डोकेदुखी ठरतो.

याहून गंभीर उणीव वेगळीच आहे. हेच अर्थ मंत्रालय 'हरित सुकूक' नावाचे रोखेही विकते. मार्च 2018 मध्ये त्याने 1.25 अब्ज डॉलरचा हरित सुकूक आंतरराष्ट्रीय बाजारात आणला आणि नोव्हेंबर 2019 मध्ये एसटी 006 या नावाने किरकोळ ग्राहकांसाठीही तो उपलब्ध केला. हरित सुकूकमध्ये मुद्दल पर्यावरणपूरक प्रकल्पांना बांधलेले असते, परंतु परतावा ग्राहकाच्या खिशात जातो. वक्फ सुकूकमध्ये परतावा समाजाला जातो, परंतु मुद्दल कोणत्या सरकारी खर्चाला लागले यावर हरित असा शिक्का नसतो. दोन्ही माल एकाच दुकानात आणि दोन वेगळ्या खिडक्यांवर. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि वक्फ मंडळ यांनी हरित वक्फची चौकट कागदावर मांडली आहे खरी, पण ज्या दात्याला आपला पैसा मुद्दलासकट सौर किंवा भूऔष्णिक प्रकल्पात हवा आहे आणि परतावाही नको आहे, त्याला या खिडक्यांवरून रिकाम्या हाताने परतावे लागते.

पैसा आला, असे धरले तरी तो कोणत्या छपरावर लावायचा हा प्रश्न उरतो, आणि ऊर्जा-वक्फच्या, म्हणजे वक्फच्या पैशातून ऊर्जा प्रकल्प उभारण्याच्या, प्रचारात याच ठिकाणी सर्वाधिक घाई दिसते. मशिदीची वीज केव्हा लागते ते पाहावे. फजरची नमाज सूर्योदयापूर्वी, मगरिब सूर्यास्तानंतर, इशा त्याहून उशिरा. या तिन्ही वेळी दिवे, पंखे आणि ध्वनिक्षेपक चालू असतात आणि पॅनेल निजलेले असतात. ऊन असताना जुहर आणि असर या दोनच नमाज होतात, आणि खरी गर्दी शुक्रवारी दुपारची. उरलेल्या वेळची वीज ग्रीडला देऊन बिलात वळती करता आली असती तर हिशेब जमला असता, परंतु इंडोनेशियाने 2024च्या नियमाने छपरावरील जादा विजेची ही वजावट बंद केली. त्यातच सरकारी वीज कंपनी प्रार्थनास्थळांना सवलतीचा सामाजिक दर लावते, म्हणजे वाचलेल्या प्रत्येक युनिटचे मोलही कमीच. अशा मशिदीवर वक्फचा पैसा लावला तर पॅनेलचे छायाचित्र उत्तम येईल. बचतीतून मुद्दल भरून निघायला मात्र फार वर्षे जातील.

जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीचे गणित वेगळे आहे. तिथे दिवसभर वर्दळ असते, नूतनीकरणात 500हून अधिक पॅनेल बसवले गेले आणि पुढचा विस्तार ऊर्जा-वक्फमधून करण्याची इच्छा व्यवस्थापनाने बोलून दाखवली आहे. दिवसाच्या वापराचे महत्त्व आपल्याकडे शिर्डीच्या प्रसादालयाने 2009 मध्येच दाखवले होते: 73 सौर परावर्तकांच्या वाफेवर स्वयंपाक, आणि मुख्य पंगत भर दुपारची. म्हणून छोट्या मशिदीपेक्षा वक्फची रुग्णालये, पेसांत्रेन म्हणजे निवासी मदरसे आणि शीतगृहे ही सौर वक्फसाठी कितीतरी अधिक योग्य स्थळे आहेत. वीज अजून नीट न पोहोचलेली गावे तर सर्वांत आधी यायला हवीत. सुमात्रातील जांबी प्रांतात जकातीच्या, म्हणजे मुसलमानांच्या अनिवार्य वार्षिक दानाच्या, पैशातून छोटे जलविद्युत प्रकल्प उभारले गेले, तेव्हा जकात संस्थेने ही निवड अचूक केली होती. तेथे प्रत्येक युनिट रॉकेल किंवा डिझेल वाचवते.

आणखी एक अडचण शरियतीची आहे आणि लेखापालाचीही. वक्फ टिकला पाहिजे. पॅनेल मात्र पंचवीस-तीस वर्षांत झिजते. पॅनेललाच वक्फ मालमत्ता ठरवले तर एका पिढीत वक्फच संपेल. त्यामुळे रोख रक्कम हीच मालमत्ता, पॅनेल हे तिचे साधन आणि बचतीतून दरवर्षी घसारा बाजूला, असा हिशेब नाझिराला ठेवावा लागेल. कायद्याने नाझिराला निव्वळ उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंत मोबदला घेता येतो. घसारा न काढता 'निव्वळ' उत्पन्न मोजले, तर नाझिराचा मोबदला फुगेल आणि इन्व्हर्टर बदलायच्या वर्षी पुन्हा दात्यांपुढे हात पसरावे लागतील.

एकूण गुणांकन करायचे तर मुद्दलाची सुरक्षितता, किमान रक्कम आणि पहिल्या संचाची रचना यांसाठी मी या योजनेला पाचपैकी चार गुण देईन. ऊर्जेच्या कामासाठी, ती आज ज्या किरकोळ स्वरूपात विकली जाते त्या स्वरूपात, दोनच. ज्या इंडोनेशियन दात्याला आरोग्य-शिक्षणाला हातभार लावायचा आहे त्याने ती निःशंक घ्यावी. ज्याला छपरावर पॅनेल पाहायचे आहेत त्याने 'सदका एनर्गी' (ऊर्जेसाठी दान) यासारख्या थेट देणगीच्या मोहिमांकडे जावे, जेथे मुद्दल परत मिळत नाही पण सगळे पैसे एकाच वेळी कामाला लागतात.

महाराष्ट्रातील वाचकाला यांपैकी काहीच विकत घेता येणार नाही. भारत सरकारने जानेवारी 2023 पासून हरित रोखे काढले, पण ते सुकूक नाहीत. आणि छत्रपती संभाजीनगरच्या राज्य वक्फ मंडळाच्या नोंदीतील वक्फ प्रामुख्याने जमीन, दर्गे, मशिदी आणि कब्रस्ताने यांच्या रूपात आहे, रोख रकमेच्या नव्हे. येथे सुरुवात करायचीच झाली तर ती रोख्यापासून नव्हे, वक्फच्या एखाद्या शाळेच्या किंवा दवाखान्याच्या छपरापासून आणि त्याच्या बारा महिन्यांच्या वीजबिलांपासून करावी लागेल.