देऊळ असलेलं रोमन नाणं: इफेसस, पाफोस की नेआपोलिस?

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या शहरांनी आपापलं देऊळ नाण्यांवर मोठ्या अभिमानानं आणलं. त्यातलं एकच घ्यायचं असेल, तर निवड या तिघांतून करावी.

आजच्या तुर्कस्तानातल्या इफेससचं अर्टेमिस या ग्रीक देवीचं देऊळ सर्वांत प्रसिद्ध, प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांपैकी एक. सम्राट क्लॉडियसच्या चांदीच्या नाण्यावरही ते आहे. साचा कोरणाऱ्यानं मधले खांब बाजूला सारलेत, गाभाऱ्यातली देवी समोरूनच दिसावी म्हणून. काही नाण्यांवर दर्शनी खांब आठ, काहींवर चारच. तेव्हा खांब मोजून देवळाचा आकार ठरवू नये. छपराखालच्या त्रिकोणातल्या खिडक्या मात्र नीट पाहा. जागेवर आज तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे, त्या खिडक्या आपल्याला कळतात त्या नाण्यांमुळे.

सायप्रसमधल्या पाफोसला अफ्रोदिते या ग्रीक प्रेमदेवतेची मूर्तीच नव्हती. होता तो शंकूसारखा दगड. आपल्याकडे तांदळा पुजतात ना, तसाच. इ.स. 69 मध्ये, पुढे सम्राट झालेला टायटस इथं दर्शनाला आला होता. नाण्यावर मधोमध हा दगड आणि पुढ्यात अर्धगोल अंगण. देवळापेक्षा देवाचं रूप ज्यांना ओढतं, त्यांनी हेच घ्यावं.

माझं मन नेआपोलिसवर, म्हणजे पॅलेस्टाईनमधल्या आजच्या नाब्लुसवर. सम्राट अँटोनिनस पायसच्या (कारकीर्द 138–161) मोठ्या ब्राँझ नाण्यावर अख्खा गरिझिम डोंगर आहे: पायथ्याशी खांबांची ओळ, तिथून वर चढत गेलेल्या पायऱ्या, माथ्यावर झ्यूसचं देऊळ. जेजुरीच्या पायथ्याशी उभं राहून मान वर केली की जे दिसतं, ते बोटभर धातूवर उतरवावं तसं. इ.स. 333 मध्ये आलेल्या एका यात्रेकरूनं या पायऱ्या नोंदवल्या आणि 1960च्या दशकात याच डोंगरावरच्या तेल अर-रासच्या उत्खननात देवळाचा पाया सापडला. नाणं आणि जमीन एकमेकांची साक्ष देतात, असं इतकं स्पष्ट क्वचितच घडतं.

अडचण झिजेची. बारीक पायऱ्या आधी पुसट होतात, आणि मग कुणीतरी त्या नव्यानं कोरून नाणं विकतं. भिंगाखाली पायऱ्यांच्या कडा धारदार आणि सम्राटाचे केस मात्र गुळगुळीत दिसले, तर हात आखडता घ्या. तुर्कस्तानातून पुरावस्तू बाहेर नेणं गुन्हा आहे, म्हणून इफेससच्या नाण्याची जुनी मालकी कागदावर दाखवता येत नसेल, तर स्वस्त असलं तरी ते सोडून द्या.