पिशवीतले सील माझ्या गाडीचे नव्हतेच

माझी १९७३ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. राहतो बर्मिंगहॅमजवळ. मार्चमध्ये डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला. बोटाला लावून हुंगला, तर गंधकासारखा उग्र वास. म्हणजे ब्रेकचं तेल नव्हे, मागची चाकं फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलचं गिअर ऑइल.

जुन्या गाड्यांचंच काम करणाऱ्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. मालक म्हणाला, दोन्ही बाजूंचे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, गेलेत, ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेक शू तेलाने भिजलेत, सगळं नवं घालून ६४० पौंड. रोख दिलेत तर व्हॅट लावत नाही. मी रोख दिले आणि कामाची यादी लिहून घेतली नाही. तिथेच हात कापून दिले.

गाडी आणायला गेलो तेव्हा त्याने न मागताच एका पिशवीतून दोन जुने सील माझ्या हातात ठेवले. "बघा, रबर कसं कडक झालंय." जुना भाग परत मिळाला म्हणजे माणूस सच्चा, असं मी धरून चाललो. हीच माझी चूक मला सगळ्यांना सांगायची आहे.

तीन आठवड्यांनी एका चौकात ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे ओढली. बायको शेजारी बसली होती. डाव्या मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये पुन्हा तेल गेलं होतं.

शेजारचे एक वृद्ध गृहस्थ लाँगब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात आयुष्यभर कामाला होते. त्यांनी चाक काढलं, टॉर्च मारला आणि मधल्या मोठ्या नटाकडे बोट दाखवलं. या अ‍ॅक्सलचा सील हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मागे असतो. हब काढायचा तर तो नट सोडवावाच लागतो आणि तो आपोआप सैल होऊ नये म्हणून त्यात स्प्लिट पिन असते. ती एकदा काढली की नवी घालायची. माझी पिन गंजून नटाला चिकटली होती, वर अनेक वर्षांचा मळ. उजवीकडेही तसंच. हबला कोणी हातच लावला नव्हता. चाकामागचा भाग पुसून काळा रंग मात्र मारला होता. शूसुद्धा जुनेच, नुसते स्प्रेने धुतलेले.

त्याहून वाईट म्हणजे त्या रंगाने अ‍ॅक्सलच्या वरचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायचं भोक, बुजला होता. गाडी चालली की अ‍ॅक्सल तापतो, आतली हवा फुगते. तिला वाट मिळाली नाही की ती तेल सीलबाहेर ढकलते. शिवाय गाडी सपाटीवर आणून तेल भरायचं बूच उघडलं, तर तेल भळाभळा बाहेर आलं. या अ‍ॅक्सलमध्ये साधारण ०.८५ लिटर तेल मावतं. मागची बाजू जॅकवर उचललेली असताना भरलं की ते जास्त जातं. म्हणजे गळती थांबवायला गेलेल्या माणसाने ती वाढवून दिली.

नवे सील मागवले, काही पौंडांत आले. पिशवीतल्या सीलशेजारी ठेवले तर मापच वेगळं.

म्हणून अशा कामाला गाडी देण्याआधी दोन्ही हबच्या नटावर आणि पिनवर रंगाचा एक ठिपका लावा, फोटो काढून ठेवा. परत आल्यावर ठिपका जसाच्या तसा असेल तर तिथेच उभं राहून विचारा. या देशात चाळीस वर्षांपुढच्या बहुतेक गाड्यांना एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का या वार्षिक तपासणीची, सक्ती नाही, त्यामुळे असं ढिसाळ काम दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडेलच असं नाही. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. शंभर पौंडांवरच्या व्यवहारात कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार काम नीट झालं नाही तर ते पुन्हा करून मागता येतं. मी तसं पत्र पाठवलं. उत्तर आलं, तुमची गाडी आमच्याकडे आल्याची नोंद नाही.

माझ्याकडे पावती नव्हती. ती पिशवी तेवढी आहे.