तासगाव की पुणे : घरातल्या कुणाला विचारून ठरवताय?

पुणं सोडून सांगली जिल्ह्यातल्या तासगावला परत यावं का, असं गेल्या दोन वर्षांत चार-पाच जणांनी मला विचारलं. विचारणारे सगळे पुरुष, चाळिशीच्या आतबाहेरचे, आणि प्रश्न बहुतेकांना रथोत्सवाहून परतताना सुचलेला. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी गुलालात न्हालेला माणूस गणपतीच्या रथाचा दोर ओढत असतो तेव्हा त्याला हिंजवडी नकोशी वाटणारच. सहा वर्षांपूर्वी मीही असाच आलो. आता वाटतं, घरात पाच माणसं असतील तर या प्रश्नाला पाच उत्तरं असतात. म्हणून माणसागणिक बघू.

त्याआधी पैसा, कारण तो हिशेब सोपा. वारज्यात दोन बेडरूमला २२ हजार भाडं होतं. इथं अंगणासकट घर ८ हजारांत आहे (जुन्या घराची वाटणी चुलत्यांशी अडकलीय. गावी यायचं म्हणजे भावकीतही यायचं, हे आधीच लक्षात घ्या). पण गावातल्या एका खर्चाचा अंदाज पुण्यात बसून येत नाही. तिथं सोसायटीत कुणाचं लग्न झालं ते कळतही नाही. इथं एका मे महिन्यात घरी चौदा पत्रिका आल्या. 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं आणि मांडवाच्या दारात वही घेऊन माणूसही बसलेला असतो. शिवाय बारसं, वास्तुशांत, मंडळांची वर्गणी. भाड्यात वाचतात त्यातले महिन्याला तीनेक हजार इकडंच जातात. तरी गाव स्वस्त पडतं, फक्त वाटतं तेवढं नाही.

पगार पुण्याच्या कंपनीचा आणि काम लॅपटॉपवरचं असेल तर कमावत्याला गाव सोयीचं. इथं येऊन दुकान टाकणार असाल तर मात्र थांबा. तासगावचा बाजार द्राक्षावर चालतो. ऑक्टोबरच्या छाटणीपासून औषधं, मजुरी असा पैसा बागेत जात राहतो आणि माल गेला, बेदाणा विकला, की उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतो. मधले महिने उधारीचे. 'माल गेल्यावर देतो' हे कापडवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळे ऐकतात. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला, डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आला, की बागाईतदाराइतकाच मोटारसायकलच्या शोरूमवालाही आभाळाकडं बघत बसतो. 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात इथली, सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, याचा अभिमान मलाही आहे. पण एका पिकावर उभ्या बाजारात दुकानदारानं निदान एक हंगाम उधारीवर काढण्याइतकं भांडवल घेऊनच उतरावं. पुण्यात भाडं जबर, पण गिऱ्हाईक बारमाही.

आईवडलांच्या बाबतीत तुलनेला फार जागा नाही. वडील वारज्यात बाल्कनीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजायचे. इथं सकाळी गणपतीच्या देवळात जातात आणि सात मजली गोपुराखाली तासभर कुणाच्या तरी शेताची वाटणी करून देतात. रस्त्यात दहा जण 'कवा आलासा? जेवलासा का?' करतात. वडील इथंच राहतात हे त्या दहाही जणांना ठाऊक असतं.

अडचण दवाखान्याची. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढलं तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांची पेठ, कर्नाटकातूनही पेशंट येतात. पण तासगावहून तिथं पोचायला पाऊण-एक तास लागतो. गुडघा, मोतीबिंदू, साखर यांसाठी एवढं अंतर काहीच नाही. दिवसा सिंहगड रोडची गर्दी धरली तर पुणं आणि गाव बरोबरीतच सुटतात. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर पुणं पुढं. वडलांना एकदा स्टेंट पडलेला असेल तर मी हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांवर ठेवीन.

आता बायको. जे विचारायला येतात त्यांच्यातल्या एकानंही तिला सोबत आणलं नव्हतं. माझी बायको पुण्यात अकाउंट्समध्ये नोकरी करायची. इथं पहिलं वर्षभर ती प्रत्येक दुकानात 'अमक्यांची सून' होती. संध्याकाळी विट्याच्या रस्त्यानं एकटी फिरायला गेली, तर ती परत यायच्या आत आईला फोन आलेला असायचा : 'सूनबाई रागानं गेल्या का काय?' फोन करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण रोज असं झालं की जीव गुदमरतो. आज ती चार बेदाणा व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरते आणि ते तिला नावानं ओळखतात. याला अडीच वर्षं लागली. अजूनही विचारलं तर ती सांगलीत राहायला तयार आहे, तासगाव तिची दुसरी पसंती. तुमच्या घरात हे अडीच वर्षं कोण काढणार आहे, ते आधी ठरवा.

पोरांचं दहावीपर्यंत छान चालतं. माझा मुलगा विहिरीत पोहायला शिकला, सायकलवर शाळेत जातो. पुढं मात्र विलिंग्डन कॉलेज काय, वालचंद इंजिनिअरिंग काय, सगळं सांगलीत, २५ किलोमीटरवर. चांगले क्लासही तिकडंच. म्हणजे एसटीचा पास, नाहीतर खोली. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही : छाटणीनंतर ब्लोअरची फवारणी सुरू झाली की बागेलगतच्या घरात औषधाचा वास भरतो, पुढं बेदाणा शेडवर गंधकाची धुरी असते. पोराला दमा असेल तर घर गावात घ्या, मळ्यात नको. मळ्यातल्या बंगल्याचं स्वप्न पुण्यातच जास्त पडतं.

मधला रस्ता सांगली. विश्रामबागेत राहिलं तर कॉलेज दारात, मिरज जवळ, आईवडलांकडं अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं आणि सुनेला कुणी हटकत नाही. घर बघताना २००५, २०१९ आणि २०२१ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारायचं. गावभाग, मारुती चौक तेव्हा पाण्यात होते. तासगाव कृष्णेच्या काठावर नाही, त्यामुळं ती धास्ती इथं नाही.

माझं मत विचाराल तर : आईवडील हिंडतेफिरते, तुमची नोकरी लॅपटॉपवरची आणि बायकोला इथं करण्यासारखं काम दिसत असेल, तर तासगाव. तिन्हीतलं एक जरी डळमळीत असेल तर सांगली. आईवडील नसतील, तर नुसत्या रथासाठी येऊ नका, रथाला सुट्टी काढून येता येतं.

ठरत नसेल तर दोन महिने भाड्यानं राहून बघा, पण दिवाळीत किंवा मे महिन्यात नको. जुलैत या, लाईट जाते तेव्हा. घर बघायला बायकोला पुढं पाठवा. घरमालक भाडं सांगण्याआधी आडनाव विचारेल, मग मूळ गाव, मग मामांचं गाव. त्या संध्याकाळी ती घरी येऊन काय म्हणते, ते ऐका.