स्वाधार योजना : रक्कम विचारपूर्वक ठरवलेली, पण पहिले चार महिने कोणाचे?

गेली सात वर्षे आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातले काही शिक्षक आणि नोकरदार मिळून, दहावी-बारावीनंतर पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींचे अर्ज भरून देतो, कागदपत्रे जमवून देतो आणि जमेल तेवढी पदरमोड करतो. या कामात ज्या योजनेशी आमचा सर्वाधिक संबंध आला, त्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेविषयी, तिचा लाभ घेणाऱ्या कुटुंबांच्या शेजारी बसून जे दिसले, ते येथे नोंदवतो.

शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करूनही ज्यांना जागा मिळाली नाही, अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची ही अर्थसाहाय्याची योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या, सरकारी शिष्यवृत्तीमुळे महाविद्यालयाच्या शुल्काचा प्रश्न बराचसा सुटतो. परंतु शेतमजुराच्या मुलीला पुण्यात अडवते ते शुल्क नसून खोलीचे भाडे आणि खानावळीचे बिल असते, आणि नेमका तोच खर्च स्वाधारने आपल्या कक्षेत घेतला. वसतिगृह हाच उच्च शिक्षणाचा दरवाजा असतो, ही जाण महाराष्ट्रात जुनी आहे. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा ही संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्या वाटेवरची ही योजना असल्याने तिला बाबासाहेबांचे नाव शोभून दिसते.

योजना आखली गेली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांसाठी वर्षाला भोजनाचे ३२,००० रुपये, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे एकूण ६०,००० रुपये ठरवले गेले. त्याहून लहान महानगरांसाठी ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये. दहा महिन्यांचे वर्ष धरले तर पुण्यात महिन्याला जेवणाचे ३,२०० आणि राहण्याचे २,००० होतात. दोन वेळची साधी मेस पहिल्या रकमेत कशीबशी बसते. निवासाचे २,००० मात्र आता अपुरे पडतात, कारण चार जणांच्या खोलीतली एक कॉटही त्या भावात मिळेनाशी झाली आहे, आणि ही तूट मुले निर्वाहाच्या पैशांतून भरून काढतात.

तरीही या योजनेचा सर्वांत मोठा गुण मला रकमेत दिसत नाही. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, त्यामुळे महाविद्यालयाजवळ राहायचे की लांबची स्वस्त खोली घ्यायची, मेस लावायची की मैत्रिणींनी मिळून स्वयंपाक करायचा, हे अठरा वर्षांची मुलगी स्वतः ठरवते. आमच्या गावच्या एका मुलीने तिघींबरोबर खोली घेऊन, जेवणातून वाचवलेल्या पैशांत संगणकाचा वर्ग लावला. ती हे सांगत असताना तिच्या वडिलांनी मान खाली घालून डोळे पुसले, ते दृश्य मी विसरू शकत नाही.

अडचण आहे ती क्रमाची. आधी महाविद्यालयातला प्रवेश निश्चित व्हायचा, मग वसतिगृहाची यादी लागायची, तीत नाव नाही हे स्पष्ट झाल्यावर स्वाधारचा अर्ज करायचा, पुढे कागदपत्रांची पडताळणी व्हायची आणि त्यानंतर पैसे यायचे. घरमालकाला मात्र अनामत रक्कम पहिल्याच दिवशी हवी असते. एका आईने मला विचारले होते, “गुरुजी, सरकारचे पैसे मिळतील हो, पण तवर लेकीनं कुठं झोपावं?” या प्रश्नाला योजनेत उत्तर नाही. परिणामी ज्यांच्याकडे उसने मिळण्याची सोय आहे तेच शहरात पोहोचून अर्ज करू शकतात, आणि सर्वांत गरीब मूल अर्जाच्याही आधी गळते.

दुसरी अडचण भाडेकराराची. बाहेर राहत असल्याचा पुरावा मागणे योग्यच आहे. पण कॉटवर मुले ठेवणारे अनेक घरमालक लेखी काही द्यायला तयार नसतात, आणि काही जण आडनाव ऐकल्यावर खोली भरल्याचे सांगतात. हा अपमान मुले आम्हाला फार उशिरा, तोही तुटक शब्दांत सांगतात. खोली शोधताना गावातले कोणी मोठे माणूस सोबत गेले, तर करार मिळण्याची शक्यता वाढते, असा आमचा अनुभव आहे.

बँकेच्या खात्याविषयीही सावध राहावे. एका मुलाने अर्जात एका खात्याचा क्रमांक दिला होता, पण त्याचे आधार पूर्वी उघडलेल्या दुसऱ्याच खात्याशी जोडलेले होते, आणि हप्ता त्या बंद पडलेल्या खात्याकडे वळला. ते निस्तरण्यात त्याचे अख्खे सत्र गेले. आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे, हे अर्जाआधी तपासून घेणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

या मुलांना मदत करू इच्छिणाऱ्यांनी योजनेला पर्याय उभा करू नये, असे माझे मत आहे; वर्षाचे साठ हजार आपण किती जणांना देऊ शकणार? त्याऐवजी पहिल्या तीन-चार महिन्यांचे भाडे आणि अनामत रक्कम बिनव्याजी द्यावी, आणि हप्ता आल्यावर मुलांनी ती झेपेल तशी परत करावी. आम्ही तीन वर्षांपूर्वी असा छोटा निधी सुरू केला. आतापर्यंत दिलेल्या रकमेपैकी बहुतेक परत आली आहे, आणि नोकरीला लागलेल्या दोघांनी घेतले त्याहून जास्त भरले. यंदाच्या जूनसाठी निधीत अकरा जणांपुरते पैसे आहेत. आमच्याकडे आतापर्यंत सतरा मुलांची नावे आली आहेत.