घरचा सर्व्हर: जुना लॅपटॉप की रास्पबेरी पाय?

फोटो आणि फाइली स्वतःच्या ताब्यात ठेवायच्यात. घरच्या सर्व्हरसाठी कपाटातला जुना लॅपटॉप कामाला लावू की नवा रास्पबेरी पाय (एकाच छोट्या बोर्डवरचा कॉम्प्युटर) घेऊ, असं एका मित्राने विचारलं.

खर्चात लॅपटॉप जिंकतो, तो घरात आहेच. पायचा नुसता बोर्ड स्वस्त दिसतो. ॲडॉप्टर, केस, डिस्क धरलं की आकडा फुगतो. विजेचं उलटं: पाय ४ निवांत असताना ३ वॅटच्या आसपास खातो, लॅपटॉप त्याच्या कितीतरी पट.

खरी मेख टिकाऊपणात. पाय सहसा ज्यावरून चालतो ते एसडी कार्ड सतत डेटा लिहून झिजतं आणि एक दिवस पाय बूटच होत नाही, म्हणून एसएसडी लावाच. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस, पण कायम चार्जिंगवर ती फुगू शकते. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला की बॅटरी लगेच काढून टाका. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपणार नाही, एवढं सेटिंगही करावं लागतं.

बॅकअप मात्र दोन्हीकडे वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक घराबाहेर. रेडला (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) बॅकअप समजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

पाय-होल (जाहिराती अडवणारं), सिंकथिंग (डिव्हाइसांमध्ये फाइली सारख्या ठेवणारं) एवढंच चालवायचं तर पाय. इमिच या फोटो सांभाळणाऱ्या ॲपमध्ये हजारो फोटो आणि चेहरे ओळखणं हवं, तर भरपूर रॅमचा लॅपटॉप.